गुडघ्याच्या दवाखान्यातली मन मोजणारी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे. शाळेतल्या पाटीवर चुकीचं लिहिलं तर निदान पुसता येतं. मी भावनगरच्या एका गुडघ्याच्या दवाखान्यातली, माणसांचं मन मोजणारी पाटी आहे. हसू आलं ना? येऊ दे. मलाही पुष्कळदा यायचं, पण माझी पाचही तोंडं रंगवणाऱ्याने कायमची ठरवून टाकलेली, त्यामुळे माझ्या मनासारखं हसणं माझ्या नशिबी नव्हतं.

हल्ली मी प्लॅस्टर कापायच्या खोलीत असते. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवतात आणि येणारा-जाणारा पायाने सरकवतो. याचं मला फार वाईट वाटत नाही. ज्यांनी एके काळी मला डोक्यावर घेतलं होतं, त्यांची अक्कल मी फार जवळून पाहिली आहे. त्यांच्या डोक्यापेक्षा दारामागची जागा बरी.

माझा जन्म सिनेमाच्या फलकातून झाला. कासमभाई पेंटर पूर्वी टॉकीजवरचे मोठमोठे फलक रंगवायचे. टॉकीज बंद पडली तेव्हा ते दुकानांच्या पाट्यांवर आले. एका जुन्या फलकाच्या प्लायवूडमधून त्यांनी मला कापून काढलं. माझ्या पाठीवर अजूनही कुठल्याशा खलनायकाची अर्धी मिशी आहे. माझ्या पुढच्या बाजूपेक्षा ती मिशी जास्त प्रामाणिक आहे, कारण ती निदान आपण खलनायकाची आहोत हे लपवत नाही.

मला बनवून घेणारे डॉक्टर कलथिया. हात चांगला, गुडघे उत्तम बसवायचे, हे मी नाकारणार नाही. एकदा ते परदेशात कुठल्याशा सभेला गेले. तिथे त्यांनी ऐकलं की गुडघा बदलल्यावर तो किती वाकतो एवढंच बघून भागत नाही. त्या माणसाच्या मनाला कसं वाटतंय तेही मोजावं लागतं. गोष्ट सोन्यासारखी होती. पण सोनं कुणाच्या हातात पडतं यावरही काही असतं की नाही? परत आल्यावर डॉक्टरांनी कासमभाईंना बोलावलं. आमच्या बायाबापड्यांना वाचता येत नाही, तेव्हा बाईचे पाच चेहरे काढ, पहिला खुशीत, शेवटचा रडका, मधले त्या मानाने, आणि खाली दवाखान्याचं नाव मोठ्या अक्षरात घाल, असं सांगून ते ऑपरेशनला निघून गेले.

आता कासमभाईंनी जन्मभर सिनेमाच्या बायका रंगवलेल्या. त्यांच्या हिशेबात मध्यंतरापूर्वी बाई हसते तेव्हा तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू असतं. मध्यंतरानंतर नवरा मरतो, कुंकू जातं आणि बाई रडते. बाईला याहून वेगळं दुःख असू शकतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून माझ्या पहिल्या तिघींना त्यांनी लालभडक चांदलो, म्हणजे कुंकवाचा टिळा लावला. चौथीच्या गालावर एक थेंब काढला, पाचवीला गळा काढून रडायला लावलं, आणि त्या दोघींची कपाळं कोरी ठेवली. डॉक्टर बघायला आले. त्यांनी दवाखान्याचं नाव पाहिलं, अक्षरं आणखी जाड कर म्हणाले आणि गेले. चेहऱ्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. पुढेही कधी पाहिलं नाही.

मग मी कामाला लागले. झंखनाबेन नावाची एक मुलगी मन मोजायच्या नोकरीवर होती. तिने मानसशास्त्राची पदवी घेतली होती, म्हणजे तशी फ्रेम केलेली पदवी भिंतीवर टांगलेली होती. ऑपरेशन होऊन महिना-दोन महिने झालेल्या बायका वॉकर टेकत यायच्या. झंखनाबेन मला छातीशी धरून उभी राहायची, गालात मुखवास घोळवत म्हणायची, “आठवडाभर मनाला जसं वाटलं, त्या बाईवर बोट ठेवा.” आणि बायका बोट ठेवायच्या.

कुठे ठेवायच्या, ते तुम्ही ओळखलंच असेल. तुम्हाला पदवी नाही म्हणून ओळखता आलं. जिचा नवरा जिवंत आहे, तो शेजारी थर्मास धरून उभा आहे, ती कोऱ्या कपाळावर बोट ठेवील? जीव गेला तरी ठेवणार नाही. घोघा रस्त्यावरची एक मंजुळाबेन होती. नव्या गुडघ्यांनी तिला झोप नव्हती, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, सून बोलत नव्हती. हे सगळं तिने पदराने नाक पुसत झंखनाबेनला सांगितलं, आणि बोट ठेवायची वेळ आली तेव्हा पहिल्या हसऱ्या बाईवर ठेवलं. झंखनाबेनने ‘अतिशय आनंदी’ अशी नोंद केली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

विधवांचं उलट. त्या कितीही मजेत असोत, कुंकवाच्या बाईवर बोट ठेवायला त्यांचा हात धजायचा नाही. त्या आपल्या चौथीवर नाही तर पाचवीवर यायच्या. पुरुष रोग्यांचं विचारू नका. ते बायकोकडे बघायचे आणि ती डोळ्यांनी दाखवील तिथे बोट टेकायचे. एकूण काय, मी मन मोजतच नव्हते. कुणाचा नवरा आहे आणि कुणाचा नाही एवढंच मी मोजत होते, आणि ते तर दवाखान्याच्या दारातला वॉचमनही नुसतं बघून सांगायचा.

पण डॉक्टरांना त्यात मोठा शोध दिसला. सधवांना नवा गुडघा मानवतो, विधवांना मानवत नाही, आणि याचं कारण एकटेपणा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. अहमदाबादच्या एका हॉटेलात डॉक्टरांची परिषद भरली होती. तिथे मला गाडीत पुढच्या सीटवर, नॅपकिनमध्ये गुंडाळून नेलं. डॉक्टरांनी मला उंच धरलं आणि म्हणाले की माणूस तोंडाने खोटं बोलतो, बोट खोटं बोलत नाही. टाळ्या झाल्या. त्यांना शाल मिळाली. एवढे डॉक्टर त्या सभेत बसले होते, बरेचसे विवाहित, कित्येकांच्या घरी विधवा आई असेल, पण माझ्या चौथ्या बाईचं कपाळ कोरं का, हे त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. त्या दिवशी माझ्या मनातून शिकलेली माणसं उतरली ती उतरलीच.

परत आल्यावर डॉक्टरांनी नियम केला. जिचं बोट चौथीवर किंवा पाचवीवर जाईल, तिला मनाची गोळी सुरू करायची आणि तिला एकटीने राहू द्यायचं नाही, घरच्यांनी सांभाळायचं. नियम दिसायला किती मायेचा होता. या मायेत सापडली रळियातबा.

रळियातबा तळाजाच्या पुढच्या खारडी गावची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावात तिचं स्वतःचं घर होतं, म्हैस होती, दारात कडुलिंब होता, आणि सकाळी उठल्यावर कुणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती. गुडघे घासून गेले तेव्हा मुलगा वल्लभ, जो भावनगरला हिऱ्याच्या कारखान्यात होता, तिला आपल्या फ्लॅटवर ये म्हणाला. ती म्हणाली, येते, पण गुडघे करून घ्यायला. चालायला लागले की मला परत सोडायचं. वल्लभने कबूल केलं. त्याची बायको भानु तर उघड म्हणायची, “बा, लवकर बऱ्या व्हा. तुम्ही गेलात की टीव्ही माझा.” आणि रळियातबा म्हणायची, “तुझी ती रडकी मालिका मला नको, तिच्यापेक्षा माझी म्हैस शहाणी.” दोघींचं चांगलं जमायचं.

गुडघे उत्तम झाले. महिन्याच्या तपासणीला ती वॉकर हातात उचलूनच आली, टेकायला नव्हे, भानुला दाखवायला. झंखनाबेनने मला पुढे धरलं. रळियातबाने माझ्यावरून डोळे फिरवले, चौथीवर बोट ठेवलं आणि घरी कधी जाऊ ते विचारलं.

डॉक्टरांचं उत्तर आलं की बांच्या मनाला बरं नाही, आता जाता येणार नाही.

मनाची गोळी सुरू झाली. त्या गोळीने रळियातबाला दिवसाही झोप येऊ लागली. दुपारी जेवून खुर्चीत बसायची ती चार वाजेपर्यंत तिथेच, मान एका बाजूला. पायाचे व्यायाम राहू लागले आणि जो गुडघा छान वाकत होता तो आखडू लागला. पुढच्या तपासणीला ती वॉकर टेकत आली. पुन्हा चौथीवर बोट. डॉक्टर म्हणाले, बघा, मन खचलं की शरीर साथ देत नाही, आणि गोळी वाढवली. मी हे सगळं बघत होते. चांगल्या चालत्या बाईला आपल्याच औषधाने बसवायचं आणि मग ती का बसली याचं कारण तिच्या मनात शोधायचं, याला अभ्यास म्हणतात म्हणे.

इकडे गावात वल्लभच्या चुलतभावाने निरोप पाठवला की काकी काही परत येत नाहीत, तर घर रिकामं करून दे, मी कापूस ठेवतो, आणि म्हैसही माझ्याकडे बांधतो. वल्लभ वाईट मुलगा नव्हता. पण आईचं मन खचलंय असं पदवीवाले सांगत असताना तिला गावात एकटी सोडून तिथे काही झालं तर लोक त्याच्या तोंडात शेण घालतील, ही भीती त्याच्या पोटात होती. या खेपेला डॉक्टर नाही म्हणाले तर घर चुलतभावाला द्यायचं, असं त्याने ठरवलं आणि आईला सांगूनही टाकलं. त्या खेपेच्या तपासणीला रळियातबा वल्लभ-भानुबरोबर आली ती गोळी न घेता. गोळी तिने भानुच्या देखत कुंडीत खोचली होती आणि भानुने न बघितल्यासारखं केलं होतं.

झंखनाबेनने मला पुढे धरलं. रळियातबाचं बोट चौथीकडे निघालं तेव्हा वल्लभने तिचा हात धरला.

“बा, मी तुला नेणार नाही असं म्हणत नाही. पण तू दर वेळी त्या रडणाऱ्या बाईवर बोट ठेवतेस. मग मी तुला तिथे एकटी कशी सोडू?”

“कोण रडतंय?”

“ही काय. गालावर पाणी दिसत नाही?”

रळियातबाने मला हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. इतक्या वर्षांत मला इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. “मला वाटलं घाम आहे,” ती म्हणाली. “शेतातून आली असेल. मी हिचं कपाळ बघितलं. कपाळ कोरं, म्हणजे ही मी. आणि ती शेवटची तर फारच गळा काढते. एवढी मी तुझे बापू गेले तेव्हाही रडले नाही.”

झंखनाबेनचा मुखवास गालातच राहिला. ती माझ्याकडे वाकून बघू लागली, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. रोज मला छातीशी धरून हिंडणारी ती मुलगी माझी तोंडं पहिल्यांदा बघत होती. मग घाईघाईने म्हणाली, “मग बा, पहिलीवर ठेवा ना. काय फरक पडतो?”

“तुला नाही पडत. ती सौभाग्यवती आहे. तिच्यावर बोट ठेवून ही मी म्हणू? वल्लभच्या बापूंना वर जाऊन काय तोंड दाखवू?”

तेवढ्यात डॉक्टर एक्स-रे हातात घेऊन आत आले. झंखनाबेनने चाचरत सांगितलं की साहेब, बा तोंडाने म्हणतायत की त्या खुशीत आहेत, तेवढ्यावर लिहू का? डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि त्यातून नजर न काढता म्हणाले, “तोंडाने अख्खं काठियावाड ‘मजामां’, मजेतच असतं. मोजमाप सगळ्यांना सारखं पाहिजे. बोट कुठे आहे?”

मला त्या क्षणी चुलीत जावंसं वाटलं. समोर एक जिवंत बाई आपल्या तोंडाने सांगतेय की मी आनंदात आहे, आणि हा माणूस तिच्याकडे पाठ करून प्लायवूडला विचारतोय.

रळियातबा चिडली नाही. तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, खारडीच्या घराची मोठी लोखंडी किल्ली निवडली, मला मांडीवर आडवं घेतलं आणि त्या किल्लीच्या टोकाने माझ्या पहिल्या बाईचं कुंकू खरवडायला सुरुवात केली. कासमभाईंचा रंग पक्का होता, सहज निघेना. ती ओठ दाबून खरवडत राहिली. लाल पापुद्रे तिच्या पांढऱ्या साडीवर पडले. वल्लभ बा, बा करू लागला, तर भानुने त्याला कोपराने गप्प केलं. शेवटी खालचं लाकूड दिसलं. रळियातबाने फुंकर मारली, पदराने माझं कपाळ पुसलं आणि त्या हसऱ्या तोंडावर बोट दाबून ठेवलं.

“ही मी,” ती म्हणाली. “लिही.”

“कितवी?” डॉक्टरांनी विचारलं.

“पहिली, साहेब,” झंखनाबेन म्हणाली.

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. “बघा वल्लभभाई, मी काय म्हणत होतो? गोळी लागू पडायला वेळ लागतो. न्या आता बांना गावाला. गोळी मात्र चालू ठेवा.” असं म्हणून त्यांनी सही केली आणि पुढच्या खोलीत गेले. मांडीवर मी होते, साडीवर रंग होता, हातात किल्ली होती. यांतलं काहीही त्यांना दिसलं नाही.

रळियातबा निघाली. दारातून तिने भानुला मागे वळून सांगितलं, “गोळ्या टाकू नको. म्हैस लाथ मारते, तिला देऊ.” भानु हसता हसता रडली. पुढे कळलं की घर चुलतभावाला मिळालं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मीही आज भिंतीवर मानाने लटकत असते. पण झंखनाबेनला त्या दिवसापासून चैन पडेना. डॉक्टरांच्या भीतीने तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि माझ्या खरवडलेल्या कपाळावर एक लाल टिकली चिकटवली. पुढची बाई विधवा होती. झंखनाबेन थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि तिने ती टिकली काढली. पहिलीचीच नव्हे, तर दुसरी-तिसरीचं कुंकूही नखाने खरवडायला घेतलं. तेव्हापासून माझं असं सुरू झालं: विधवा आली की पाचही कपाळं कोरी, आणि सधवा आली की पाचही कपाळांवर टिकली, रडणाऱ्या दोघींच्यासुद्धा.

मित्रांनो, त्यानंतर काय झालं ते ऐका. विधवांची बोटं इकडेतिकडे पांगली. कुणी पहिलीवर, कुणी तिसरीवर, जिला जसं वाटत होतं तशी. आणि ज्या सधवा वर्षानुवर्षं हसऱ्या बाईवर बोट ठेवत होत्या, त्यांच्यासमोर प्रथमच कुंकू लावलेली रडकी बाई आली. एक बाई नवऱ्यासोबत आली होती. तिने माझ्यावरून नजर फिरवली, पाचवीच्या कपाळावरची टिकली बोटाने चाचपून बघितली, आणि बोट तिथेच ठेवलं. नवरा म्हणाला, अगं, चुकलीस, ती शेवटची आहे. ती म्हणाली, “माहीत आहे.” आणि बोट काढलं नाही.

अशा पुष्कळ निघाल्या. डॉक्टरांच्या शोधाचं भजं झालं. सुखी असायला हव्या त्या दुःखी निघाल्या आणि दुःखी असायला हव्या त्या हसत होत्या. डॉक्टरांनी यावर विचार केला. आपला निष्कर्ष चुकला असेल हे त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी अहमदाबादनंतर प्रथमच मला हातात घेतलं, उलटं केलं, पाठीवरची मिशी पाहिली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले की पाटी बिघडली, नवीन काहीतरी आणा. जोवर मी खोटं सांगत होते तोवर मला नॅपकिनमध्ये गुंडाळून अहमदाबादला नेत होते. खरं सांगू लागले आणि मी बिघडले.

आता तिथे काचेचं एक यंत्र आहे. त्यावर पिवळी गोल तोंडं येतात, त्यांना कपाळच नाही. झंखनाबेन नोकरी सोडून गेली. मी दार अडवते.

मला जपा, मला रंग द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी गरज संपली आणि मुळात ती नव्हतीच. पण तुमच्या घरात कुणाचे गुडघे बदलले, तर त्याच्यापुढे पाटी धरू नका. शेजारी बसा आणि कसं वाटतंय ते विचारा. तो मजेत आहे म्हणाला तर लगेच उठू नका, आणखी थोडा वेळ बसा, मग तो बोलेल. तेवढा वेळ तुमच्याकडे नसेल, तर मात्र ते काचेचं यंत्र खुशाल विकत घ्या. ते फार छान हसतं.